सांडलं तरी चालेल

४ ऑक्टोबर, रविवार

बुटके,

फोन तू उचलत नाहीस. काल दारावर टकटक केली, तर आतला रेडिओ मोठा झाला. ठीक आहे. मीही तुझीच बहीण आहे, हट्टातसुद्धा तुझ्यापेक्षा मोठी. म्हणून हे पत्र. दाराखालून सरकवते. पायाने परत बाहेर ढकललंस तर शेजारीण वाचेल, एवढं लक्षात ठेव.

आधी बास्केटबॉलच्या त्या नियमाचं बोलू, कारण तुमच्या हॉस्पिटलच्या संघाची कॅप्टन, ती एक्स-रेवाली, परवा मला भर बाजारात गाठून म्हणाली, "तुमच्या बहिणीच्या शेवटच्या दोन्ही फ्री थ्रोंच्या वेळी बस डेपोच्या संघाचा बेंच बोलत होता. तुम्ही शिट्टी का नाही वाजवलीत?" भाजीवाल्यासमोर! तो हातात काटा धरून ऐकत उभा. तिला जे सांगितलं तेच तुला लिहिते. फ्री थ्रो घेणारीच्या हातात बॉल असताना समोरच्या बेंचने तिचं लक्ष उडेल असं काही करायचं नाही. टॉवेल हलवायचे नाहीत, पाय आपटायचे नाहीत, ओरडायचं नाही. केलं तर रेफरीने ताकीद द्यायची, आणि नेम चुकला असेल तर तो थ्रो पुन्हा घ्यायला लावायचा. पण लक्ष उडेल असं म्हणजे कसं, हे ठरवायचं रेफरीने. कोणी खोकलं, कोणी बाटलीचं झाकण उघडलं, कोणी शेजारणीला "सरक गं" म्हणालं, म्हणून मी शिट्टी फुंकत बसले तर एक सामना दोन दिवस चालेल. डेपोच्या मुलींनी टॉवेल हलवले? नाही. आरडाओरडा केला? नाही. मग माझं काय चुकलं?

नाचता येईना म्हणे अंगण वाकडं. हे मी एक्स-रेवालीला म्हणाले, तुला नाही.

आणि मी तुला झुकतं माप देणार नाही हे तुला आधीच ठाऊक होतं. ठरलेला रेफरी पाय मुरगळून घरी बसला, आयत्या वेळी दुसरं कोणी मिळेना, तेव्हा दोन्ही कॅप्टननी मला चालवून घेतलं. डेपोची कोच तर हसून म्हणाली, "ताई असतील तर आम्हाला कसली भीती? त्या सख्ख्या बहिणीलाही सोडत नाहीत." ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं दिवसभर चष्म्याच्या काचा घासून संध्याकाळी त्या गळक्या हॉलमध्ये धावते आहे, "रेफरीला चष्मा द्या" हा एकच विनोद हजार वेळा ऐकते आहे. त्यातून नाव कमावलं ते एवढंच.

एका गुणाने हरलात. वाईट मलाही वाटलं. पण म्हणून बहिणीशी बोलणं टाकायचं?

उत्तर दे.

ताई

७ ऑक्टोबर, बुधवार, दुकानातून

बुटके,

पत्र परत आलं नाही. म्हणजे एक तर वाचलंस, नाही तर कचऱ्यात गेलं. मी वाचलंस असं धरून चालते.

जेवणाची सुट्टी आहे. मालक मागे डुलकी काढतोय, मी काउंटरवर लिहिते आहे. मघाशी तुमच्या हॉस्पिटलच्या लाँड्रीतली ती उंच कपाळाची बाई चष्मा दुरुस्तीला आली होती. नेहमी अर्धा तास गप्पा मारते. आज चष्मा ठेवला, "उद्या नेते" म्हणाली आणि गेली. जाताना तिच्या खांद्यावरची पिशवी दिसली. जुन्या चादरीची, निळ्या काठाची. बाहेरगावच्या स्पर्धेसाठी तुम्ही सगळ्यांनी शिवल्या होत्यात ना त्या? चौदा बायका, जन्मात कधी हॉस्पिटलच्या नावाने गावाबाहेर खेळायला गेल्या नव्हत्या, रजा मंजूर झालेल्या, पिशव्या शिवून तयार. आणि आता जाणार डेपो. ती बाई त्या पिशवीतून कांदे नेत होती.

तुमची तक्रार स्पर्धेच्या समितीकडे पोचली. रविवारी बैठक आहे. समितीचे प्रमुख, आपले ड्रिलमास्तर, त्यांनी मला वाचून दाखवली. लिहिलंय की शेवटच्या दोन फ्री थ्रोंच्या वेळी, बॉल तुझ्या हातात असताना, डेपोचा बेंच एका सुरात हळू आवाजात म्हणाला: "सावकाश. सांडलं तरी चालेल."

वाचताना ड्रिलमास्तरच गोंधळले. "हे काय? ही तर धीर देणारी गोष्ट झाली." मी म्हणाले, "मला तर काही ऐकूच आलं नाही. हॉलमध्ये गोंगाट होता."

आईचं वाक्य त्यांना कुठून मिळालं, देव जाणे. म्हणजे असं वाक्य कोणीही कोणाला म्हणू शकतं. ते काही आपल्या एकट्या घरचं नाही. हो की नाही?

एक गोष्ट मात्र मला राहून राहून आठवते. पहिल्या थ्रोला तू बॉल दोनदा आपटलास, ओठ हलायला लागले, आणि मग थांबलीस. मान वळवून पाहिलंस. बेंचकडे नाही, माझ्याकडे. मी रिंगखाली उभी होते. का पाहिलंस मला कळलं नाही. फेक म्हणून मी हाताने खूण केली.

रविवारी समितीसमोर तू काय सांगणार आहेस? आधी मला सांगितलंस तर बरं होईल. दोघींचं एक असावं.

ताई

१२ ऑक्टोबर, सोमवार

बुटके,

काल तू निघून गेलीस आणि मी तिथेच बसून राहिले. चहा आला, तोही प्यायले. म्हणजे बघ मी कशी आहे.

पुन्हा पुन्हा तेच डोळ्यांसमोर येतं, म्हणून लिहून काढते. लांब टेबल, पलीकडे ड्रिलमास्तर, शेजारी समितीतले दोघे. एका बाजूला तू आणि एक्स-रेवाली, समोर डेपोची कोच, आणि मधे मी, पांढऱ्या ब्लाउजला इस्त्री करून आलेली, गळ्यात उगाचच शिट्टी. ड्रिलमास्तरांनी तक्रार वाचली. डेपोची कोच म्हणाली, "आम्ही तिला धीरच देत होतो हो. सावकाश खेळ म्हटलं, त्यात काय पाप?" समितीतला तो जाडा म्हणाला, "सांडलं तरी चालेल? फ्री थ्रो आहे की आमटीची वाटी?" आणि सगळे हसले.

मीही हसले.

तू हसणाऱ्यांकडे पाहिलंच नाहीस. माझ्याकडे पाहिलंस. ड्रिलमास्तर चांगल्या मनाने म्हणाले, "बाई, या वाक्यात तुला त्रास होण्यासारखं काय आहे ते सांग, म्हणजे आम्हाला ठरवता येईल." तू एक शब्द बोलली असतीस तर हॉल गप्प झाला असता. मागच्या खोलीतली आई, अंथरुणाला खिळलेली, आणि तू एवढीशी, दोन्ही हातांत काठोकाठ भरलेला दुधाचा पेला धरून स्वयंपाकघरातून निघालेली, जीभ बाहेर काढून, पावलं मोजत. आणि आई उशीवरून मान उचलून म्हणतेय, सावकाश, बाळा. सांडलं तरी चालेल. हे सांगितलं असतंस तर त्या जाड्याच्या तोंडातला घोट तिथेच अडकला असता.

तू म्हणालीस, "काही नाही." खुर्ची मागे सरकवलीस आणि गेलीस. मला कळलं का ते. आईला त्या टेबलावर मांडायची नव्हती तुला, चहाच्या कपांमध्ये.

मग समितीने मला विचारलं. "ताई, तुम्ही मुख्य रेफरी. तुम्हाला बेंचवरून काही ऐकू आलं?" मी म्हणाले, "नाही." किती सोपं असतं गं ते. जीभ टाळ्याला लावायची आणि सोडायची.

तक्रार फेटाळली. डेपोच्या कोचने बाहेर माझा हात हातात घेतला, म्हणाली, "तुमच्यासारख्या तुम्हीच."

मला लाज वाटते आहे. हे वाक्य मी तीन वेळा लिहून तीन वेळा खोडलं, या वेळी राहू देते.

ताई

१५ ऑक्टोबर, गुरुवार

बुटके,

ऐक. म्हणजे वाच.

मी ऐकलं होतं. दोन्ही वेळा. गोंगाट वगैरे काही नव्हता, शेवटचे फ्री थ्रो होते, आख्खा हॉल श्वास धरून बसला होता, छपरातून गळणाऱ्या पाण्याची टपटपसुद्धा ऐकू येत होती. तुझ्या लाँड्रीतल्या बायकांनी मधल्या सुट्टीत रिंगखालचं पाणी चादरीने पुसलं होतं, तिथे पुन्हा थेंब पडत होते. आणि त्या शांततेत डेपोच्या आठ बायका, हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलींसारख्या सरळ बसून, अगदी मायेच्या आवाजात म्हणाल्या. आईच्या चालीत. "सावकाश" लांबवून आणि "चालेल" खाली सोडून.

चालसुद्धा मीच शिकवली होती.

आता पळून उपयोग नाही, सांगूनच टाकते. सामन्याच्या आधी महिनाभर डेपोची कोच दुकानात आली होती. नवा चष्मा, काडी कानामागे टोचत होती. काडी गरम करायची, जरा वाकवायची, लावून बघायची, पुन्हा काढायची. गिऱ्हाईक समोर बसून राहतं, आणि मी गप्प बसणाऱ्यातली नव्हे हे तुला काय सांगायचं. ती म्हणाली, "ताई, तुमच्या बहिणीचा या मोसमात एकही फ्री थ्रो चुकलेला नाही. काय जादू आहे?" बस, एवढं पुरलं. तुझं कोणी कौतुक केलं की माझी छाती अशी फुगते, जणू तुला मीच घडवलं. मी सांगायला लागले. तुला बुटकी म्हणायचे आणि तूच उंच झालीस इथपासून. आई, पेला, दूध. "अहो, अजून पुटपुटते ती! बॉल दोनदा आपटते आणि मग ओठ हलतात. बघा कधी नीट. आई म्हणायची ना, साऽऽवकाश, तस्संच." आणि आईचा आवाज काढून दाखवला. ती हसली. मी हसले. तिने चष्मा घातला, आरशात पाहिलं, म्हणाली, "आता कसं स्पष्ट दिसतंय."

माझ्या जिभेला हाड नाही हे तू लहानपणापासून म्हणत आलीस. मला वाटायचं, लाडाने म्हणतेस.

म्हणून तू माझ्याकडे वळून पाहिलंस. ते वाक्य जगात आपल्या दोघींनाच माहीत होतं, आणि तू कोणाला सांगितलं नव्हतंस. त्या क्षणी तुला कळलं. मलाही कळलं. मला कळलं नाही म्हणून दुकानातल्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं.

शिट्टी तोंडात होती. दातांत धरली होती, रबराची चव अजून आठवते. डोक्यात काय काय आलं सांगू? वाजवली तर विचारतील, का वाजवली? मग सांगावं लागेल की हे वाक्य तिचं आहे. मग विचारतील, तुम्हाला कसं ठाऊक? बहीण ना तुमची! मग डेपोची कोच तोंड उघडेल, "तुम्हीच तर सांगितलंत." एका गुणाचा फरक, शेवटचे थ्रो, आणि सख्खी बहीण शिट्टी वाजवते. इतक्या वर्षांचं नाव एका फुंकरीत जाणार. हा सगळा विचार मी तू बॉल धरून उभी असताना करत होते. तुझा नाही, माझा.

पहिला रिंगवर आपटून बाहेर गेला. ताकीद द्यायला अजून वेळ होता. दुसऱ्याच्या आधी तू पुटपुटलीसच नाहीस. ओठ घट्ट मिटले होते. त्या मात्र म्हणाल्या.

दुसरा रिंगपर्यंत पोचलाही नाही.

आता काय करू सांग. परत समितीकडे जाऊन हे सांगितलं तर थ्रो पुन्हा घ्यायला लावतील, डेपो निघायच्या आत तेवढं होऊ शकतं. माझी शिट्टी जाईल, ती जाऊ दे. पण आईचं सगळं तिथे बोलावं लागेल, आणि ते तुला नको आहे. तू 'जा' म्हणालीस तर जाते. 'नको' म्हणालीस तर जात नाही. तुझ्यावर सोपवते.

ताई

२१ ऑक्टोबर, बुधवार

बुटके,

तू उत्तर दिलं नाहीस. देणार नव्हतीसच, आणि मला ते माहीत होतं. तुझ्यावर सोपवते म्हणे! चोराच्या उलट्या बोंबा. स्वतःच्या गळ्यातली धोंड तुझ्या गळ्यात बांधायला निघाले, आणि वर समजूतदारपणाचा आव. आणि तुझ्या उत्तराची वाट बघते आहे असं स्वतःला सांगत घरी बसून राहिले. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी सकाळी डेपोची बस दुकानावरून गेली. खिडकीतून बायका हात हलवत होत्या. कोचने मला पाहिलं, नवा चष्मा चमकला. मी काउंटरखाली वाकले, काही पडलं नसताना.

तिथे वाकलेली असतानाच मला स्वतःची किळस आली. सोमवारी ड्रिलमास्तरांच्या घरी गेले. ते बागेत पाइपने पाणी घालत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मी ऐकलं होतं, मी खोटं बोलले, आणि ते वाक्य डेपोच्या हाती मीच दिलं. आईचं नाही सांगितलं. "ती तिची आणि माझी गोष्ट आहे, त्याहून जास्त विचारू नका," एवढंच म्हणाले. त्यांनी पाइप खाली ठेवला. पाणी त्यांच्याच चपलांवर वाहत होतं.

मग त्यांनी एक गोष्ट विचारली, आणि बुटके, त्या एका प्रश्नाने मी संपले. म्हणाले, "वाक्य काय होतं याच्याशी तुला काय करायचं होतं? बॉल हातात होता ना तिच्या?"

"होता."

"बेंच एका सुरात बोलला ना?"

"हो."

"मग झालं की. त्या वेळी देवाचं नाव घेतलं तरी शिट्टी वाजवायची. काय म्हणाले ते बघायचं नसतं, कधी म्हणाले ते बघायचं. तुला कोणाला काही समजावून सांगायची गरजच नव्हती."

खरंच नव्हती गं. हेच मी नव्या पोरांना शिकवते. शब्दाचा अर्थ लावत बसू नका, हात आणि वेळ बघा. एक फुंकर, बेंचकडे बोट, थ्रो पुन्हा. कोणी विचारलं नसतं, आई तुझ्या ओठांवरच राहिली असती, आणि माझं नावही गेलं नसतं. ज्या भीतीने मी गप्प बसले ती भीतीच खोटी होती. रेफरी म्हणून मला सगळं येत होतं. पण त्या वेळी मी रेफरी नव्हते, चोरी पकडली जाईल म्हणून घाबरलेली बाई होते.

काल बैठक झाली. कोचला पुढच्या मोसमात बेंचवर बसता येणार नाही. बेंचने फ्री थ्रोच्या वेळी तोंड उघडायचं नाही, भलं नाही आणि बुरं नाही, हे आता ठळक अक्षरांत लावणार आहेत. निकाल मात्र तसाच राहील. डेपो तिकडे दोन सामने खेळूनसुद्धा झालाय. ड्रिलमास्तर म्हणाले, "मागच्या बैठकीत खरं बोलली असतीस तर दोन दिवसांत थ्रो घेतले असते." म्हणजे दोनदा हरवलं तुम्हाला मी. एकदा कोर्टवर, एकदा त्या टेबलावर. तू एकोणचाळीस वर्षांची झालीस, गुडघे कुरकुरतात, ही शेवटची वेळ असं तूच म्हणत होतीस.

तो जाडा या वेळी हसला नाही. मला नुसतं म्हणाला, "शिट्टी ठेवा इथे." मी गळ्यातून काढली तर दोरा केसांत अडकला, आणि सोडवायला एक्स-रेवाली उठून आली. दोरा सोडवला आणि जागेवर जाऊन बसली.

आता एकच राहिलं, ते सांगते.

डेपोवालीला मी वाक्य अर्धंच सांगितलं होतं. पुढचं अर्धं सांगायला संकोच वाटला, स्वतःची बढाई मारल्यासारखं झालं असतं. त्यामुळे बेंच तिथवरच म्हणाला, जिथवर मी सांगितलं होतं. पण आई तिथे थांबायची नाही. तू पेला घेऊन उंबऱ्याशी आलीस की आई म्हणायची, "सावकाश, बाळा. सांडलं तरी चालेल. ताई पुसेल." आणि मी खरंच फडकं घेऊन तुझ्यामागे उभी असायचे. तुझं दूध सांडलं की वाकायचे, चिडायचे, "अगं डोळे कुठेत तुझे!" म्हणायचे, पण पुसायचे. तू रडायच्या आत फरशी कोरडी व्हायची.

तू अजूनही सगळंच पुटपुटतेस ना? मला कोणी सांगायला नको. तुझे ओठ जितका वेळ हलतात तितका वेळ अर्ध्या वाक्याला लागत नाही. हे मला आधी कधी मोजावंसं वाटलं नाही.

आठ जणींनी ते वाक्य म्हटलं आणि अर्ध्यावर सोडलं, आणि तू मान वळवून पुसणारीकडे पाहिलंस. मी रिंगखाली शिट्टी दातांत धरून उभी होते आणि तुला फेक म्हणून खूण केली.

माफ कर असं लिहिणार नाही. एवढ्या सगळ्यानंतर तेवढंही तुझ्याकडूनच मागायचं, म्हणजे फारच झालं. लाँड्रीतल्या बायकांना सांग, त्या पिशव्या माझ्यामुळे कांद्यांना लागल्या.

दाराखालून सरकवते. रेडिओ मोठा केलास तरी चालेल, ऐकू आला की कळतं, घरात आहेस.

तुझी

ताई

५ नोव्हेंबर

ताई,

पत्रं सगळी वाचली. पहिलं फाडलं. बाकीची आहेत.

डेपोच्या बायका म्हणाल्या त्याचं इतकं नाही. त्यांना काय माहीत. समितीत तू हसलीस ते मला लागलं. अजून लागतं. ते इतक्यात जाणार नाही, आणि गेलंय असं मी उगाच म्हणणार नाही.

हो, सगळं वाक्य म्हणते. आता येत नाही. परवा एकटीने जाऊन फेकून पाहिलं, ओठांवर आलं की बेंच ऐकू येतो. पुन्हा बसवायला लागेल. रविवारी सकाळी जाणार आहे. ते दोन थ्रो मी परत घेणार, कोणी मोजायला नसलं तरी.

छप्पर अजून गळतं. रिंगखाली पाणी साठतं, बॉल घसरतो, एकटीने फेकायचं आणि पुसायचं जमत नाही. तू ये. शिट्टी नाही, सूचना नाहीत, एक अक्षर बोलायचं नाही. काही म्हणायचं असेल तर मी म्हणेन. घरचं फडकं आणू नकोस, ते पाणी नुसतं पसरवतं. चादरीची पिशवी उसवून ठेवली आहे, ती चांगली टिपते.

तू पुसायला ये.

बुटकी